कोठार मूर्त, मका अमूर्त

आमच्या विलारिन्यू गावात सरकारी पाटी लागलेली एकच वस्तू आहे, आणि ती पाटी लागावी म्हणून केलेला अर्ज मीच टाइप केला होता. त्यामुळे पुढे जे घडलं त्यात माझा काही संबंध नव्हता असं मला म्हणता येत नाही.

मी झुल्मिरा. ग्रामकचेरीत बावीस वर्षं कारकून आहे. कचेरी म्हणजे एक खोली, एक प्रिंटर आणि अध्यक्ष आर्नाल्दु. अध्यक्षांना दोन वर्षांपासून एकच दुःख होतं. डोंगरापलीकडच्या गावाला तिथल्या दगडी पुलासाठी वारसा म्हणून तपकिरी पाटी मिळाली होती. त्या पुलावरून कोणी जात नाही, कारण शेजारीच नवा पूल आहे. पण येताजाता पाटी दिसते, आणि ती दिसली की अध्यक्षांचं जेवण कमी होतं.

अशात एके दिवशी फेलिज्मिनाकाकू कचेरीत शिडी मागायला आली. काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांची, नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली, मुलगा लक्झेंबर्गमध्ये गवंडीकाम करतो. घरी ती, अकरा कोंबड्या आणि अंगणात खळ्याच्या कडेला मक्याचं कोठार. तशी कोठारं आमच्याकडे बरीच होती. आता उरलंय ते तिचंच. लांबोळकं, अरुंद, ग्रॅनाइटचं, वर क्रूस, बाजूंना वारा खेळायला फटी. सहा दगडी खांबांवर उभं, आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर जात्याच्या तळीसारखी चकती, म्हणजे उंदीर चढला तरी तिथून उलटा पडतो. कोठाराच्या दाराची एक फळी कुजली होती. ती काकूला स्वतःच बदलायची होती.

अध्यक्षांनी शिडी दिली नाही. ते खुर्चीतून उठलेच.

"काकू, फळीला हात लावू नकोस," ते म्हणाले. "ते कोठार दीडशे वर्षांचं आहे. वारसा आहे तो. फळी सरकार बसवून देईल."

"सरकारला सुतारकाम येतं का?" काकूनं विचारलं.

अध्यक्षांनी मला अर्जासाठी प्रिंटरमध्ये कागद घालायला सांगितला.

वसंतात शहरातल्या वारसा कचेरीतून आर्किटेक्ट लेमूश आले. ते मूर्त वारसा विभागाचे, म्हणजे ज्याला हात लावता येतो त्या वारशाचे. माणूस अतिशय सभ्य. त्यांनी तीन तास कोठार मोजलं, खांब मोजले, चकत्या मोजल्या, कुजलेल्या फळीचे नऊ फोटो काढले, आणि काकूच्या हातचं कोबीचं सूप दोन वाडगे प्यायले. जाताना म्हणाले की इतकी अस्सल फळी त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. शेजारच्या बेलमिरुचं सिमेंटच्या खांबांचं, तारेच्या जाळीचं आणि पत्र्याच्या छपराचं कोठार फोटोत येत होतं, म्हणून त्यावर हिरवं कापड टाकता येईल का, असंही त्यांनी विचारलं. काकू म्हणाली, त्याला विचारायचं तर झुल्मिराकडून विचारा. काकू आणि बेलमिरु अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण पाटाचं पाणी. मंगळवारची पाळी काकूची, आणि एका मंगळवारी पाणी बेलमिरुच्या शेतात गेलं होतं. काकू फावडं घेऊन तिथे पोचली, आणि त्यानंतर दोघांच्या मध्ये चार पावलांचं कुंपण आणि मी.

जूनमध्ये पत्र आलं. चाळीस परिच्छेद होते. मी ते काकूच्या स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचलं. कोठार संरक्षित झालं होतं. त्याला खिळा मारायचा नाही, रंग लावायचा नाही, दार उघडायचं नाही, आत वजन भरायचं नाही, अभ्यास पूर्ण होईपर्यंत. कुजलेली फळी ही मूळ फळी असल्यामुळे ती तशीच राहील. आणि पाहणीच्या दिवशी आत जे काही होतं ते नोंदीचा भाग. पाहणीच्या दिवशी आत गेल्या वर्षीचा मका होता, साधारण तिसरा हिस्सा उरलेला.

"म्हणजे मका सरकारजमा?" काकूनं विचारलं.

"नाही गं. मका तुझाच. फक्त तू तो काढायचा नाही."

"मग तो माझा कसा?"

चाळीस परिच्छेदांत याचं उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी एक माणूस आला आणि दाराला तार गुंडाळून शिशाचं सील लावून गेला. त्याच्याच गाडीतून तपकिरी पाटी आली. अध्यक्षांनी ती स्वतः रोवली आणि तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

काकूनं आरडाओरडा केला नाही. ती तसल्या बायकांतली नाही. तिनं एक लांब काठी घेतली आणि कुजलेल्या फळीच्या भोकातून आत ढोसली. चार-पाच कणसं खाली आली. कोंबड्या धावल्या. मी पाहतेय हे लक्षात आल्यावर ती म्हणाली की वारसा आपणहून खाली पडला तर कोंबड्यांना कोण अडवणार, त्यांना वाचता येत नाही.

पण काठी किती पोचणार. जुलैत ती बाजारातून कोंबड्यांसाठी पोत्यातला मका आणायला लागली, आणि गावात बोललं जायला लागलं की अध्यक्षांनी म्हातारीच्या कोंबड्या उपाशी मारल्या. निवडणूक पुढच्या वर्षी होती. अध्यक्षांनी डोकं लढवलं. वारसा कचेरीत दुसराही एक विभाग आहे, अमूर्त वारशाचा, म्हणजे ज्याला हात लावता येत नाही त्याचा. गाणी, सण, हातातलं कसब. मका वाळवायची पद्धत तिथे नोंदवली, तर मूर्तवाल्यांना दार उघडावंच लागेल, असा त्यांचा हिशेब. मी पुन्हा कागद घातला.

डॉक्टर व्हियोलांत आल्या त्या ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन. आमच्याकडे शिकलेल्या माणसाला डॉक्टर म्हणतात हे काकूला माहीत नाही असं नाही, पण तिनं संधी सोडली नाही. आधी गुडघा दाखवला. डॉक्टरबाईंनी तो आस्थेनं पाहिला आणि वहीत लिहून घेतला. मग त्यांनी विचारलं, मका वाळत घालताना तुम्हाला काय जाणवतं.

"ऊन," काकू म्हणाली.

"आणि हे ज्ञान तुम्हाला कोणाकडून मिळालं?"

"पाऊस आला की मका आत न्यायचा, हे कोणी शिकवावं लागतं का?"

डॉक्टरबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी लिहिलं की ज्ञान परंपरेतून इतकं खोल मुरलं आहे की धारकाला ते ज्ञान वाटतच नाही. ऑगस्टमध्ये पत्र आलं: फेलिज्मिनाकाकू आता एका जिवंत परंपरेची अधिकृत धारक होती. मात्र एक अट होती. परंपरा जिवंत आहे हे दाखवण्यासाठी या शरदात गावकऱ्यांनी जमून खळ्यावर मका सोलायचा, मूळ कोठारातच भरायचा, आणि त्याचं चित्रीकरण व्हायचं. एक हंगाम जरी चुकला तरी परंपरा लुप्त झाल्याची नोंद होईल. मुलगा तेव्हा सुट्टीवर आलेला होता. पत्र ऐकून तो इतका हसला की काकूनं त्याच्या पुढ्यातलं सॉसेजचं ताट उचलून नेलं.

एका खात्याचं म्हणणं, कोठारात मका भरलास तर गुन्हा. दुसऱ्याचं म्हणणं, भरला नाहीस तर तू लुप्त.

सप्टेंबरात मी काकूला बसनं शहरात घेऊन गेले. वारसा कचेरी तिसऱ्या मजल्यावर. एकच अरुंद कॉरिडॉर, डावीकडे मूर्त, उजवीकडे अमूर्त, आणि मध्ये कुंडीत एक धुळकट रबराचं झाड. आधी आम्ही लेमूशसाहेबांकडे गेलो. त्यांनी काकूला खुर्ची दिली, सुपाची आठवण काढली आणि सुचवलं की भरण्याची क्रिया मक्याशिवाय करता येईल. नुसते हातवारे. मग आम्ही समोर गेलो. डॉक्टरबाई म्हणाल्या की रिकाम्या हातवाऱ्यांना परंपरा म्हणत नाहीत, त्याला नाटक म्हणतात, आणि नाटकाचं खातं खालच्या मजल्यावर आहे.

मी विचारलं की तुम्ही दोघं एकदा आपसांत बोलाल का. लेमूशसाहेबांनी फार हळुवारपणे समजावलं की एका विभागाचं दुसऱ्या विभागाला पत्र जायचं तर ते तळमजल्यावर नोंदणीतून जातं, आणि त्याला नव्वद दिवस लागतात. तोवर मका शेतात काळा पडला असता.

काकू उठली. तिनं लेमूशसाहेबांचं दार सताड उघडलं, कॉरिडॉर ओलांडून डॉक्टरबाईंचं दार उघडलं आणि त्या झाडाशेजारी उभी राहिली. आता दोघंही आपापल्या खुर्चीतून एकमेकांना दिसत होते. दोघांनी मान लववली.

"हे बघा," काकू म्हणाली, "ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझा मका निघतो. तो कुठे ठेवू ते सांगा, म्हणजे मला चारची बस मिळेल."

"आर्किटेक्टना सांगा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "की सोलण्याचं चित्रीकरण कोठारासमोर झालं तरी आमच्या विभागाला चालेल."

काकूनं डावीकडे पाहिलं. "ऐकलंत का?"

"डॉक्टरबाईंना कळवा," लेमूशसाहेब म्हणाले, "की समोर हरकत नाही. सीलला धक्का लागता कामा नये."

"त्यांना विचारा, मका दाराकडे नेताना दाखवला तर?"

"दारापासून दोन मीटरपर्यंत."

"आणि त्यापुढे?" काकूनं विचारलं.

लेमूशसाहेबांनी थोडा विचार केला. "त्यापुढे कॅमेरा बंद. त्यापुढचा मका कुठल्याच विभागाच्या कक्षेत येत नाही."

डॉक्टरबाईंनी हे लिहून घेतलं. समोरून लेमूशसाहेबांनीही लिहून घेतलं. आम्हाला चारची बस मिळाली. वाटेत काकू म्हणाली की दोन शिकलेली माणसं एका दारावरून दुसऱ्या दाराशी बोलत नाहीत, लाज वाटायला हवी. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बेलमिरुला हिरव्या कापडाचं मीच विचारून आले होते.

मका सोलायचं काम पूर्वी रात्री कंदिलाच्या उजेडात व्हायचं, पण रात्री चित्रीकरणाला उजेड पुरत नाही, म्हणून पारंपरिक वेळ दुपारी तीनची ठरली. आमच्या गावात एकतीस माणसं, त्यांतले कणीस सोलू शकतील असे चौदा. आम्ही सगळे आलो. नायलॉनचे एप्रन, रबरी सपाता, आणि बेलमिरु फुटबॉल क्लबची टोपी घालून. तोही आला, कारण मका सोलायला बोलावलं की जायचं असतं, भांडण असलं तरी. तो खळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला बसला.

डॉक्टरबाईंनी आम्हाला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. आम्ही आमच्यासारखे दिसत नव्हतो. हे त्यांनी आधीच ओळखून ठेवलं होतं बहुतेक, कारण पाठोपाठ बसमधून शहराचं लोकनृत्य मंडळ उतरलं. बावीस जण, भरतकाम केलेल्या चोळ्या, लाल घागरे, गळ्यात सोन्याच्या मुलाम्याचे हार. आम्हाला मागे बसवण्यात आलं आणि गावकरी म्हणून ते पुढे बसले. काकूचा निळा प्लास्टिकचा टब काढून वेताची टोपली ठेवली. काकू विचारत होती की टोपलीला बूड नाही, मका जाणार कुठे. डॉक्टरबाई म्हणाल्या, फेलिज्मिनाबाई, तुम्ही रोज वागता तशाच वागा, फक्त प्लास्टिकशिवाय.

लेमूशसाहेबही आले होते. ते एक घडीची खुर्ची घेऊन सीलशेजारी बसले.

कॅमेरा सुरू झाला. पुढच्या रांगेत मंडळातला एक विमा एजंट आणि दातांच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट कणसाची साल नखांनी ओरबाडत होते. पाऊण तासात त्यांनी बारा कणसं सोलली आणि एकाचं नख मोडलं. काकूला ते बघवेना. तिच्या मनगटाला दोरीनं लाकडी सुळा बांधलेला असतो. एक टोचा, एक झटका, साल खाली. ती उठली आणि रांगेत घुसली. एकाचा हात धरून शिकवलं, दुसरीला बाजूला केलं. तिच्यामागून आम्ही पुढे सरकलो, कारण ढीग तसाच होता आणि आभाळ भरत होतं. थोड्या वेळानं पुढे आम्ही होतो, नायलॉन आणि सपाता, आणि मागे लाल घागरे पाणी पीत बसले होते. छायाचित्रकार डॉक्टरबाईंकडे बघत होता. डॉक्टरबाई आमच्याकडे बघत होत्या.

आता लाल कणसाचं सांगायला हवं. पिवळ्या ढिगात क्वचित एखादं गडद लाल कणीस निघतं. आम्ही त्याला मक्याचा राजा म्हणतो. ज्याला ते सापडेल त्यानं तिथे बसलेल्या प्रत्येकाला मिठी मारायची, कोणाला सोडायचं नाही. माझ्या आईनं माझ्या वडिलांना अशीच पहिल्यांदा मिठी मारली, आणि ते कणीस तिनं घरून लपवून आणलं होतं असं माझी आत्या शेवटपर्यंत म्हणायची. डॉक्टरबाईंनीही एक लाल कणीस पिशवीतून आणून अध्यक्षांच्या हाती दिलं होतं, आणि अध्यक्षांनी ते मंडळातल्या सर्वांत देखण्या पोराच्या पुढ्यात ढिगाखाली खुपसलं होतं. पण खालचा मका ओला आहे म्हणून काकूनं मधेच दाताळ्यानं सगळा ढीग उलथापालथा केला.

कणीस बेलमिरुच्या हाती लागलं.

मी त्याच्याकडेच बघत होते म्हणून मला कळलं. त्यानं सालीची टोकं उघडली, लाल दिसलं, आणि परत झाकून कणीस मांडीखाली सरकवलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, कानापर्यंत लाल झाला. पण विमा एजंटनंही ते पाहिलं होतं. तो आनंदानं ओरडला, कारण त्याच्या मंडळाच्या कार्यक्रमात हा क्षण दर वेळी असतो.

मग बेलमिरुला उठावंच लागलं. तो टोपी काढून एकेकाला मिठी मारत निघाला. अध्यक्षांना, लाल घागऱ्यांना, मला. त्याच्या शर्टाला डिझेलचा आणि नव्या वाइनचा वास येत होता. डॉक्टरबाई आधी आखडल्या, मग त्यांनी त्याच्या पाठीवर दोनदा थोपटलं. लेमूशसाहेबांनी सीलची जागा न सोडता बसल्याबसल्या मिठी मारून घेतली. शेवटी एकटी काकू राहिली. गुडघ्यामुळे ती उठली नाही. बेलमिरु तिच्यापुढे वाकला. त्यानं तिला मिठी मारली.

दोघं तसेच राहिले. नियमापेक्षा बराच जास्त वेळ.

"त्या मंगळवारी पाणी तू घेतलंस," काकू त्याच्या खांद्यात तोंड ठेवून म्हणाली.

"घेतलं."

"हे सांगायला अकरा वर्षं लागली तुला?"

"तू विचारलंस कुठे? फावडं घेऊन आलीस."

काकूनं त्याच्या पाठीवर एक चापट मारली, जोरात, आणि हात तिथून काढला नाही. माझ्या शेजारची बाई एप्रनला डोळे पुसत होती. मीही पुसत होते.

तेवढ्यात छायाचित्रकार पुढे आला. म्हणाला, फार सुंदर झालं, पण आजींचा चेहरा खांद्याआड गेला, पुन्हा एकदा करता येईल का.

"पुन्हा नाही," काकू म्हणाली. "त्यानं पुन्हा पाणी घेतलं तर बघू."

त्यामुळे माहितीपटात देखणा पोरगा रिसेप्शनिस्टला मिठी मारताना दिसतो. डॉक्टरबाईंनी माझ्याजवळ हळूच कबूल केलं की नोकरीच्या सतरा वर्षांत त्यांनी असं काही पाहिलं नव्हतं, आणि ते अर्जाच्या कुठल्या रकान्यात लिहावं हे त्यांना सुचत नव्हतं. मी म्हटलं, लिहू नका.

सहाला कॅमेरा बंद झाला. दारापासून बरोबर दोन मीटरवर सोललेल्या मक्याचा ढीग होता. बेलमिरुनं ट्रॅक्टर आणला. त्याच्या जाळीच्या कोठाराचा अर्धा भाग रिकामाच होता, गेली काही वर्षं त्याला एकट्याला एवढा मका लागत नाही. काकूनं निळा टब परत काढला. लेमूशसाहेबांनी खुर्ची घडी केली आणि तोंड फिरवून क्रूसाचा फोटो काढत राहिले, तो मका त्यांच्या नजरेआड जाईपर्यंत.

दोन्ही विभागांचे अहवाल उत्तम आले. सील शाबूत, परंपरा जिवंत. अध्यक्षांना दुसरी पाटी मिळाली आणि निवडणुकीत चार मतं जास्त. फळीचा अर्ज विचाराधीन आहे. आतला जुना मका हिवाळ्याच्या पावसात भिजून उगवला आणि फटींतून हिरवी पानं बाहेर आली, तेव्हा ही वनस्पती स्थानिक आहे का, अशी विचारणा करणारं पत्र आलं. मी उत्तर दिलं की स्थानिक आहे.

मार्चमध्ये परंपरांच्या धारकांचा शहरात सत्कार होता. काकूला बोलावणं आलं, पण तो दिवस बटाटे लावायचा होता. मग अध्यक्षांनी मला पाठवलं. मी व्यासपीठावर जाऊन धारकाची प्रतिनिधी म्हणून सही केली, काचेच्या चौकटीतलं प्रशस्तिपत्र घेतलं, आणि बसमध्ये बसल्यावर पाहिलं तर काकूच्या नावात एक अक्षर चुकलं होतं.

गावात पोचून थेट तिच्या शेतावर गेले. काकू आणि बेलमिरु सरीच्या दोन टोकांना उभे राहून वाद घालत होते. तो म्हणत होता दोन बटाट्यांत एक वीत अंतर पुरे, ती म्हणत होती दीड. त्याच्या बापानंच सगळं शेत दाटीनं लावून वाया घालवलं होतं, असंही ती म्हणाली. मी चौकट पुढे केली. काकूनं ती उन्हाकडे धरून पाहिली, काच चांगली आहे म्हणाली, आणि कुंपणाच्या दगडावर ठेवली.

"बरं झालं आलीस," ती म्हणाली. "ती टोपली घे. डोळा वर ठेवून लाव, आणि याचं ऐकू नकोस."

मी चांगले बूट घालून गेले होते. ते काढून ठेवले. अंधार पडेपर्यंत आम्ही सहा सऱ्या लावल्या, तीन एका वितीच्या आणि तीन दीडच्या.